केबिन निवडताना वरचा आणि खालचा मजला बघा

आजचा अख्खा दिवस क्रूझच्या डेक प्लॅनमध्ये, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशांत गेला. एक गोष्ट पुन्हा पटली: लोक केबिनचा आकार बघतात, पण तिच्या डोक्यावर काय आहे ते बघत नाहीत. बरोबर वर पूल किंवा बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा खरखराट थेट छतातून येतो. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप शांत लागते. बोट लागत असेल तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवरची केबिन घ्या. तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. शेजारच्या केबिनमध्ये उघडणारं दार असेल तर पलीकडचं बोलणं ऐकू येतं, तेही तपासा. 'गॅरंटी' केबिन स्वस्त पडते, पण जागा कंपनी ठरवते. झोप सावध असणाऱ्यांनी तो मोह टाळावाच.

जाहिरातीतलं भाडं बहुधा माणशी असतं, तेही एका केबिनमध्ये दोघं धरून. एकट्या प्रवाशाला बऱ्याचदा जवळपास दुप्पट पडतं. पोर्टचे कर, टिप्स, वायफाय धरूनच तुलना करा.

व्हिसाचं मात्र नीट बघा हं! जहाज शेंगेन देशांतून (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) बाहेर जाऊन परत येणार असेल तर मल्टिपल एंट्री, म्हणजे एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. आणि विमानाने त्याच दिवशी बंदर गाठायचा बेत नको, आदल्या दिवशीच पोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.