शिफ्ट दाबली, पण शेलपर्यंत पोचलीच नाही

बॅशमध्ये (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारं एक शेल) कंट्रोल-शिफ्ट-ए ला वेगळं काम नेमून दिलं, तर ते काम साध्या कंट्रोल-ए ला जाऊन चिकटतं. कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेण्याची सोय जाते ती वेगळीच. बॅश इथे निर्दोष आहे. शेलला कळा दिसत नाहीत, टर्मिनलने (शेल ज्या खिडकीत चालतं तिने) पाठवलेले बाइट दिसतात.

आस्कीत (अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात) कॅपिटल ए म्हणजे ६५ आणि लहान ए म्हणजे ९७. फरक ३२ चा, म्हणजे एकाच बिटचा. कंट्रोल दाबली की अक्षराचे खालचे पाच बिट तेवढे उरतात, त्यामुळे दोन्हींचा होतो १. शिफ्टची खूण होती त्या ३२ च्या बिटात, आणि नेमका तोच कापला जातो. याच हिशेबाने कंट्रोल-आय म्हणजे टॅब (९), कंट्रोल-एम म्हणजे एंटर (१३) आणि कंट्रोल-[ म्हणजे एस्केप (२७). कंट्रोल-आय ला हौसेने काही बांधलंत, तर टॅब दाबून फाइलींची नावं पूर्ण होणं बंद पडेल.

ऑल्टचं गणित निराळं. तिथे आधी एस्केपचा बाइट जातो आणि मागोमाग अक्षर जसंच्या तसं. त्यामुळे शिफ्टचा परिणाम टिकतो. ऑल्ट-. ने मागच्या आज्ञेतला शेवटचा शब्द येतो. अमेरिकी कीबोर्डवर तीच कळ शिफ्टसह दाबली की ऑल्ट-> होतं आणि आपण हिस्टरीच्या (आधी दिलेल्या आज्ञांच्या यादीच्या) टोकाला पोचतो. ऑल्ट-? शक्य ती नावं दाखवतं, ऑल्ट-* ती सगळी ओळीत ओततं. ऑल्ट-# माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित: लांबलचक आज्ञा लिहून झाल्यावर ‘आत्ता नको’ वाटलं, की हे दाबा. ओळ कॉमेंट होऊन हिस्टरीत जाते, चालत नाही.

म्हणून बाइंडिंगमध्ये (कळेला काम नेमून देणाऱ्या ओळीत) शिफ्ट लिहू नका, शिफ्ट दाबल्यावर उमटणारं चिन्ह लिहा. # साठी अमेरिकी कीबोर्डवर शिफ्ट-३ लागतं, जर्मन कीबोर्डवर त्याची स्वतंत्र कळ आहे. शेलला दोन्हींकडून # च मिळतो. अक्षरांपुरती मात्र एक मेख आहे: रीडलाइन (बॅशमधलं टायपिंग सांभाळणारी लायब्ररी) ऑल्टसह आलेलं कॅपिटल अक्षर मुळात लहान समजूनच वापरते. तुम्ही कॅपिटलला स्वतः काही बांधलंत, तरच ते वेगळं होतं.

अनडू हे कंट्रोल-_ वर आहे. घाईत शिफ्ट राहते, कंट्रोल-वजा दाबलं जातं आणि बऱ्याच टर्मिनलांत अक्षरं बारीक होतात. बहुतेक ठिकाणी कंट्रोल-/ हाच ३१ क्रमांकाचा बाइट पाठवतं. तेही चालत नसेल, तर कंट्रोल-एक्स कंट्रोल-यू आहेच.

बाणांना स्वतःचं अक्षर नसतं, म्हणून तिथे शिफ्ट आकड्यातून येते. शिफ्टचा १, ऑल्टचे २, कंट्रोलचे ४. बेरजेत आणखी १ मिळवायचा. शिफ्ट-डावा बाण म्हणजे एस्केप, [, १, अर्धविराम, २, कॅपिटल डी. कंट्रोल-शिफ्टला २ च्या जागी ६. (फाइलीत हे आकडे अर्थात इंग्रजी हवेत.) पाठ करायची गरज नाही: प्रॉम्प्टवर कंट्रोल-व्ही दाबून मग हवी ती कळ दाबा, काय आलं ते छापलं जाईल. सुरुवातीचं ^[ म्हणजे एस्केप. काहीच उमटलं नाही, तर ती कळ टर्मिनलने स्वतःच गिळली असण्याची शक्यता आहे. कंट्रोल-शिफ्ट-सी आणि व्ही अशाच कॉपी-पेस्टला जातात.

शिफ्ट-टॅब पाठवते एस्केप, [, कॅपिटल झेड. घरच्या डिरेक्टरीतल्या डॉट-इनपुटआरसी फाइलीत (रीडलाइनची सेटिंगं इथे असतात) दुहेरी अवतरणचिन्हांत बॅकस्लॅश, लहान ई, [ आणि कॅपिटल झेड लिहा, मग कोलन आणि मेनू-कम्प्लीट-बॅकवर्ड. टॅबला मेनू-कम्प्लीट (शक्य ती नावं एकेक करून ओळीत आणणारं काम) बांधलेलं असलं, तर याचा खरा उपयोग. ही फाइल नव्याने बनवलीत, तर ईटीसीमधली सामायिक इनपुटआरसी वाचली जात नाही आणि तिच्यातली बाइंडिंगं लागू होत नाहीत. पहिल्याच ओळीत डॉलर-इन्क्लूडने ती फाइल ओढून घ्या. मग कंट्रोल-एक्स कंट्रोल-आर दाबा, फाइल पुन्हा वाचली जाते. टर्मिनल बंद करायला नको.

कंट्रोल-शिफ्ट-अक्षर हवंच असेल, तर किटी टर्मिनलचा कीबोर्ड प्रोटोकॉल आहे: एस्केप, [, ९७, अर्धविराम, ६, लहान यू. इथे कळ आणि शिफ्ट सुट्या येतात. फिश शेल २०२५ च्या ४.० आवृत्तीपासून तो स्वतः मागून घेते. बॅशमध्ये सोपा मार्ग म्हणजे टर्मिनलच्याच सेटिंगमध्ये त्या कळेला एखादी न वापरलेली बाइटमाळ नेमायची आणि तीच इनपुटआरसीत बांधायची. मध्ये टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक शेल चालवणारा प्रोग्राम) असेल, तर त्याचा एक्स्टेंडेड-कीज पर्यायही चालू करावा लागेल.

आणि इन्स्क्रिप्ट (देवनागरी कीबोर्ड लेआउट) चालू राहिलं असेल, तर ऑल्ट-एफ म्हणजे एस्केप आणि मागे ऱ्हस्व वेलांटीचे तीन बाइट. शब्दभर पुढे जायचं राहतं बाजूला. आधी लेआउट बदला.