बीटची पावडर: हरिपूरचं ऊन आणि तासगावची सावली

पाच किलो बीटची पावडर होते जेमतेम अर्धा किलो. बीटमध्ये ८७-८८ टक्के पाणीच असतं, त्यात साल, शेंडा, देठ गेले की उरतं ते एवढंच. हे आधी सांगते, कारण पहिल्यांदा करणाऱ्याला बरणीचा तळ बघून ‘कुणी खाल्लं की काय’ असं वाटतं. तयार पावडरीची छोटी पुडी एवढी महाग का, हेही तेव्हाच कळतं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या सांगलीच्या मंडईत बीट स्वस्त असतं, हवा कोरडी असते आणि वळवाला अवकाश असतो. वर्षभराची पावडर करून ठेवायला हाच काळ.

माझं माहेर तासगावकडचं, भावाची बेदाण्याची शेड आहे. सासर हरिपूरचं, पिढ्यान्‌पिढ्या हळदीचं. म्हणजे दोन्हीकडची माणसं वाळवण्यातच मुरलेली. बीट वाळवायचं म्हटल्यावर दोन्हीकडून सल्ले आले आणि ते एकमेकांच्या बरोबर उलटे.

भाऊ फोनवर म्हणाला, “आक्का, उन्हात घालू नगंस. रंग मरंल. द्राक्षाला तरी आम्ही कुठं ऊन दाखवतो?” ते खरंच आहे. आमच्याकडं द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढतात, मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरतात. वर छप्पर, बाजूनं हिरवी नेट, आणि सगळं काम वाऱ्याचं. बारा-पंधरा दिवसांत हिरवट-पिवळा बेदाणा होतो. तीच द्राक्षं उन्हात टाकली तर काळपट-तपकिरी होतात.

सासूबाईंना हे पटेना. “ऊन लागल्याबिगर काय वाळतंय होय? बुरशी धरंल.” त्यांचं सगळं आयुष्य हळद शिजवून खळ्यावर पसरण्यात गेलं. चांगली दहा-पंधरा दिवस ऊन खाल्लेली हळकुंडं एकमेकांवर आपटली की खणखण वाजतात, मगच ती पॉलिशला जातात. त्यांच्या लेखी वाळणं म्हणजे तो आवाज.

दोघांपैकी कुणाला दुखवण्यात अर्थ नव्हता, म्हणून बीटचे सरळ दोन वाटे केले.

निवडताना मध्यम आकाराची, हाताला टणक लागणारी बीटं घेतली. फार मोठी, जून बीटं आतून चिवट निघतात आणि कापल्यावर पांढरी वलयं दिसतात. त्यांची पावडर फिकी होते. माती धुऊन, सालं काढून चिप्सच्या किसणीवर चकत्या पाडल्या. किसू नका. कीस लवकर वाळतो हे खरं, पण त्याचा रस आधी ताटात आणि मग कापडात जातो, वाळलेला कीस कापडाला असा चिकटतो की खरवडून काढावा लागतो. चकती एकसारखी पातळ हवी, दोन-तीन मिलिमीटरची. जाडी कमीजास्त झाली तर काही कुडकुडीत होतात आणि काही मधोमध ओल्या राहतात, आणि त्या ओल्याच पुढं सगळी बरणी बिघडवतात.

मग वाफ. मोदकपात्रात चाळणीवर चकत्या ठेवून तीन-चार मिनिटं. पाण्यात उकळायच्या नाहीत, अर्धा रंग पाण्यात उतरतो. वाफेनं चकती वाळताना काळवंडवणारी विकरं थंड पडतात आणि कच्चा वासही जरा कमी होतो. बीटचा तो मातकट वास म्हणजे जिओस्मिन नावाचं द्रव्य. पहिल्या पावसानंतर मातीतून जो वास येतो, त्यातही हेच असतं. आंबटाशी त्याचं पटत नाही, आंबटात ते मोडतं. म्हणून वाफवलेल्या चकत्यांवर लिंबू पिळून हलक्या हातानं कालवलं. बीटच्या रंगालाही थोडा आंबटपणा मानवतो.

वाळवायला गच्चीवर जुनी लोखंडी कॉट होती. भावानं शेडमधून उरलेला जाळीचा तुकडा पाठवला होता, तो कॉटवर ताणून बांधला. जाळीमुळं हवा खालूनही लागते, हे बेदाणेवाल्यांचं खरं शहाणपण. फरशीवर चादर घालून वाळवलं की चकतीची खालची बाजू घामेजून राहते, दर दोन तासांनी उलथत बसावं लागतं. कॉटचा अर्धा भाग उघड्या उन्हात ठेवला आणि अर्धा पाण्याच्या टाकीच्या सावलीत, वर हिरवी नेट टाकून. दोन्हींवर धुळीसाठी पातळ सुती ओढणी. संध्याकाळी दव पडायच्या आत दोन्ही वाटे घरात.

उन्हातला वाटा दुसऱ्या दिवशी दुपारीच कडक झाला. सासूबाईंनी मूठभर चकत्या उचलून ताटात टाकल्या, खुळखुळ आवाज झाला, आणि त्या माझ्याकडं अशा बघून हसल्या की विचारू नका. सावलीतल्या चकत्या तेव्हा अजून चामड्यासारख्या वाकत होत्या. त्यांना उन्हातल्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. शेवटचा ओलावा जाता जाईना, तेव्हा सकाळचं कोवळं ऊन तासभर दाखवलं.

पण दोन्ही ताटं शेजारी ठेवली आणि घरातलं बोलणं थांबलं. सावलीतल्या चकत्या गडद जांभळट-लाल, जवळजवळ काळ्या, आणि उजेडात धरल्या तर कडेला माणकासारख्या. उन्हातल्यांच्या कडा विटकरी झालेल्या, मधली वलयं फिकी. बीटचं रंगद्रव्य, बीटानिन, उष्णता, उजेड आणि हवा तिन्हींना भिऊन असतं. उन्हात तिन्ही एकदम मिळतात. हळकुंडाला साल असते, त्याचा रंग आत झाकलेला राहतो. बीटची चकती दोन्ही बाजूंनी उघडी. सासूबाईंचं ज्ञान चुकीचं नव्हतं, ते हळदीचं होतं. (भावाला रंगाचा फोटो पाठवला तर म्हणाला, “गंधकाची धुरी देऊ का? आणखी उजळंल.” ही त्याची चेष्टा. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून गंधकाची धुरी देतात. घरच्या पावडरीत ते कशाला.)

ज्यांच्याकडं गच्ची नाही, त्यांनी ओव्हन किंवा ड्रायर ५५ अंशांच्या आसपास ठेवावा, दार किंचित उघडं ठेवून वाफ बाहेर जाऊ द्यावी. घाईनं ८०-९० वर नेलं तर आपल्या उन्हातल्यासारखाच विटकरी रंग येणार.

वाळलं की नाही हे ओळखायला चकती वाकवून बघायची. वाकली तर नाही, ‘टक्’ करून मोडली तर हो. तरीही मी सगळ्या चकत्या काचेच्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून एक दिवस तशाच ठेवते. बरणीला आतून दव धरलं किंवा चकत्या परत नरम पडल्या, तर आणखी वाळवायच्या. ही पायरी गाळायची नाही. वरून कोरडी दिसणारी चकती पोटात पाणी धरून असते.

दळताना मिक्सर सलग फिरवायचा नाही. थांबत थांबत, थोडं थोडं. वाळलेल्या बीटच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. भांडं तापलं की ती चिकट होते आणि पात्याखाली लाल लगदा बसतो. दळून झाल्यावर झाकण लगेच उघडलं तर नाकातोंडात गुलाबी भुकटी. पाच मिनिटं थांबावं. मैद्याच्या चाळणीनं चाळून वर जो रवा राहतो तो मी वेगळा ठेवते, सांबारात आणि सूपमध्ये चालतो.

त्या साखरेपायीच पावसाळ्यात पावडरीचा दगड होतो. म्हणून एका मोठ्या बरणीऐवजी लहान लहान काचेच्या बाटल्या, काठोकाठ भरलेल्या, अंधाऱ्या कपाटात. रोजच्या वापरातली एकच बाहेर. आणि चमचा कोरडा. हे आमच्या घरात सांगून सांगून माझी जीभ झिजली आहे.

वापराचं म्हणाल तर थंड आणि आंबट पदार्थात ही पावडर राणी आहे. वाटीभर दह्यात पाव चमचा, वर हिंग-मोहरीची फोडणी, की कोशिंबीर तयार. ताकात छान. इडलीचं पीठ आंबलेलं असतं, त्यामुळं इडलीचा गुलाबी वाफेतही बऱ्यापैकी टिकतो. ओल्या खोबऱ्याच्या वड्यांत घालायची तर गॅस बंद केल्यावर, ताटात थापायच्या जरा आधी. कणकेत घातली तर गोळा सुरेख लाल दिसतो, पण तव्यावर पोळी तपकिरी होते. चव बिघडत नाही, मुलांना दाखवलेली जादू मात्र फसते. खाण्याचा सोडा असलेल्या ढोकळ्याच्या वाटेला जाऊच नका, सोड्यानं रंग मळकट होतो. तळणीच्या शंकरपाळ्यांचंही तेच.

उन्हातल्या पावडरीचं काय केलं? आमटी, मिसळीचा कट, भाजीचा रस्सा. तिखट-हळदीच्या रंगात तिचा विटकरीपणा कुणाला दिसतोय? दाटपणा येतो आणि किंचित गोडी. सासूबाई अजून तीच वापरतात आणि ‘माझी पावडर’ म्हणतात.

आता ‘रक्त वाढतं’ याबद्दल. शेजारच्या दोघीतिघींनी एवढ्याचसाठी पावडर मागून नेली, म्हणून बोलते. बीट लाल आहे म्हणून त्यानं रक्त होत नाही. शंभर ग्रॅम ताज्या बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमही नसतं, आणि आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणं प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लागतं. चमचाभर पावडर म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम बीट. हिशेब तुम्हीच करा. बीटमध्ये फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं एक जीवनसत्त्व, चांगलं असतं, पण तेही उष्णतेनं आणि साठवणीत कमी होत जातं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी आणि पावडर चवीसाठी खावी. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी जपून, कारण बीटमध्ये ऑक्झलेट भरपूर. किडनीचं पथ्य असेल तर पोटॅशियममुळं आधी विचारून. आणि मधुमेहींनी ती निम्मी साखर लक्षात ठेवावी.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. मामंजींनी रात्री दोन वाट्या गुलाबी कोशिंबीर खाल्ली आणि सकाळी बाथरूममधून बाहेर आले ते थेट दवाखान्यात जायच्या तयारीनं, शर्ट घालूनच. बीट खाल्ल्यावर दहा-चौदा टक्के लोकांना लघवी गुलाबी होते, एरवी त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. बीट न खाताही तसं होत राहिलं तर मात्र दाखवावं. मामंजींचा दुसऱ्या दिवशी रंग निवळला. कोशिंबीर ते अजून खातात, पण आधी विचारतात, “उद्या कुठं जायचंय का?”