दुरुस्तीची दुरुस्ती

आज एकदाचा मधल्या खोलीचा गिलावा खरवडून झाला. घरभर धूळ, चहात धूळ, आईंनी देव्हाऱ्यावर जुनं नऊवारी टाकलंय तरी देवांच्या डोक्यावर सिमेंटची पावडर. राडारोडा न्यायला टेम्पो गल्लीत शिरत नाही, म्हणून पोत्यात भरून कोपऱ्यापर्यंत डोक्यावरून न्यायचा, त्याचे पैसे वेगळे. पुण्यात नारायण पेठेत राहायचं तर हे आलंच.

पण भिंत उघडी पडली आणि जाणवलं की आमचं निम्मं काम घराचं नाहीचे, आधी कुणीकुणी करून ठेवलेल्या दुरुस्त्या निस्तरायचं आहे. मूळ भिंत विटांची, चुन्यात बांधलेली, चांगली दीड-दोन फूट जाड, आणि अजून ठणठणीत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं, त्यात हे घरही होतं. नंतर आजेसासऱ्यांनी खालून कमरेच्या वरपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणजे मिळवायला खटपट केली असणार बिचाऱ्यांनी, आणि पक्कं काम झालं म्हणून निवांत झोपले असतील.

आता होतं काय, की असल्या जुन्या भिंतींच्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल थोडीफार वर चढतेच. चुन्याचा गिलावा असला की ती बाहेर निघून वाळून जाते, सिमेंट तिला बाहेर सोडत नाही, मग ती आतल्या आत वर सरकत जाते आणि जिथं सिमेंट संपतं तिथं लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, फुटतो. आमच्याकडे बरोब्बर त्याच उंचीवर पोपडे धरायचे. त्यावर कुणीतरी ऑइलपेंट दिला, मग वॉटरप्रूफ पुट्टी, मग प्लायवूड ठोकलं. मिस्त्री म्हणाले, "ताई, भितीला रेनकोट घातलाय, आत घाम फुटंल न्हाईतर काय."

आता भिंत नुसती वाळू द्यायची. मग चुना, वाळू आणि सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी, पातळ पातळ थरांत. सिमेंट दुसऱ्या दिवशी दगड होतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश घट्ट होतो, मधेमधे ओलं पोतं मारत राहायचं, घाई केली की तडे. गौरीगणपतीच्या आत आटपेल का असं आई रोज विचारतात, मी रोज बघू म्हणते.

छताची गंमत वेगळीच. पीओपीचं फॉल्स सिलिंग होतं, गुलाबाची नक्षी वगैरे, लग्न होऊन आले तेव्हा मला भारी वाटलेलं. ते काढलं तर वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या, सगळं सागवान. वरच्या मजल्यावर नंतर कधीतरी मोरी केली, तिची ओल एका कडीच्या भिंतीत शिरलेल्या टोकात मुरत होती आणि सिलिंगमुळे खाली कुणाला पत्ताच नाही. सुताराने पेचकस टोचला तो बुंध्यापर्यंत आत. एक कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला आणि म्हणाला सगळं काढा, गर्डर टाकून स्लॅब करू. एका टोकासाठी अख्खं छत? सुतारकाका म्हणाले खालून टेकू देऊन कुजकं तेवढं कापतो, जुन्या सागवानाचा जोड देतो, बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या मारून. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं. नवीन सागवान यात लावू नका, वाळताना आवळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि मोरी आधी नीट करा, नाहीतर माझा जोडपण कुजेल. मोरी आधी हे पटलंच.

वायरिंगवरून मात्र आमच्यात वाजलं. जुनी लाकडी पट्टीवरची वायर, अर्थिंगचा पत्ता नाही, ती बदलायची हे ठरलेलं. यांना कन्सील हवंय, दिसायला क्लीन दिसतं म्हणे. म्हणजे आत्ता कुठं मोकळ्या झालेल्या भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारायच्या, पाइप पुरायचे आणि परत सिमेंटनेच बुजवायचं! मी म्हटलं वरूनच केसिंग-कॅपिंग करा, म्हणजे भिंतीवर झाकणाची पट्टी आणि तिच्यात वायर, दिसू देत, उद्या काही बिघडलं तर भिंत फोडावी लागणार नाही. शेवटी आई माझ्या बाजूने बोलल्या, दुर्मीळ प्रसंग. वायर, एमसीबी सगळं तपकीर गल्लीतून आणायचंय, यादी फ्रिजवर लावलीय.

रंगवाल्याने प्लास्टिक पेंटचं कोटेशन पाठवलंय. त्याला सकाळी फोन करून सांगायचंय की चुन्याचाच हात द्यायचा, वरून प्लास्टिक बिस्टिक काही नको. हे म्हणतात, टेकलं की कपड्यांना पांढरं लागेल. लागू दे, झटकलं की जातं.