मुलांना डोंगरात नेण्याआधी मी कुठे कुठे शिकले

नाशिकच्या आमच्या ट्रेकिंग गटात मुलांच्या सहली आणि उन्हाळी शिबिरं स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी अंबडच्या कारखान्यात नोकरी करतं आणि सुटीच्या दिवशी दहा ते पंधरा वयाची मुलं घेऊन रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी चढतं. मी मोठ्यांच्या ट्रेकना बरीच वर्षं जात होते. मुलांच्या गटाची जबाबदारी घेशील का, असं विचारल्यावर मी सांगितलं की आधी रीतसर शिकेन, मग घेईन. पण रीतसर शिकायचं म्हणजे कुठे जायचं, याचं सरळ उत्तर कुणाकडे नव्हतं. मला जे मिळालं ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळालं. या वाटेवर निघालेल्यांना थोडी मदत व्हावी म्हणून लिहिते आहे.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, 'बेसिक कर.' बेसिक म्हणजे बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, म्हणजे निम, ही १९६५ सालची. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट तिच्याआधीची, १९५४ची. मनाली आणि पहलगामलाही संस्था आहेत. निमचा बेसिक २८ दिवसांचा असतो. खाजगी नोकरीत इतकी सलग रजा मिळवणं हीच पहिली चढाई. शिवाय जागा फार लवकर भरतात. मी अर्ज केला तेव्हा हव्या त्या बॅचला जागा नव्हती आणि नंबर लागायला पुष्कळ अवकाश होता. मधल्या काळात हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा जे जवळ मिळेल ते शिकावं, म्हणून मी प्रथमोपचाराकडे वळले. हा क्रम अपघातानेच ठरला, पण आता मला कुणी विचारलं तर मी मुद्दाम हाच क्रम सांगते.

प्रथमोपचाराचे वर्ग शहरात खूप होतात, पण त्यांत गृहीत धरलेलं असतं की रुग्णवाहिका थोड्या वेळात येईल. १०८ला फोन लावायचा आणि ती येईपर्यंत माणसाला सांभाळायचं. डोंगरात फोन लागला तरी गाडी पायथ्याशीच थांबणार आणि पायथा दोन-तीन तास लांब असणार. या परिस्थितीसाठी 'वाइल्डरनेस फर्स्ट एड' नावाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. तो साधारण १६ तासांचा, दोन दिवसांत बसणारा. त्याच्या पुढचा 'वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर' सत्तर-ऐंशी तासांचा. मसुरीचं हनिफल सेंटर यासाठी ओळखलं जातं. मी पुण्यात भरलेला दोन दिवसांचा वर्ग केला.

त्या दोन दिवसांनी माझी डोंगराकडे बघण्याची नजर बदलली. पहिला धडा असा, की जखमी दिसला की धावायचं नाही. आधी थांबायचं, वर बघायचं, खाली बघायचं, बाकीची मुलं कुठे आहेत ते बघायचं. ज्या दगडाने एकाला लागलं त्याच्यामागून दुसरा येतोय का? मधमाश्या अजून घोंघावत आहेत का? आग्या मोहोळ हा आपल्या किल्ल्यांवरचा खरा धोका. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा यांनी ते उठतं आणि लांबवर पाठलाग करतं. अशा वेळी तोंड-डोकं झाकून मुलांना तिथून बाहेर काढणं हाच पहिला उपचार, काटे काढणं त्यानंतर. काटे मात्र लवकर काढायचे, कारण तुटून राहिलेला काटा विष सोडत राहतो. अंगावर गांधी उठून श्वास लागायला लागला तर वेळ फार थोडा असतो. त्या क्षणी निर्णय एकच, रुग्णालय.

सर्पदंशावर आम्ही पूर्ण एक दुपार घालवली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप, आणि आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस या चारही सापांसाठी एकच असते. आवळून बांधायचं नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधतात तसा स्थिर करायचा, मुलाला चालू द्यायचं नाही आणि उचलून न्यायचं. ओढणी, दोन काठ्या आणि रोप यांचं स्ट्रेचर आम्ही इतक्या वेळा बांधलं की हातांना सवय झाली. खरं काम मात्र घरी बसूनच करायचं असतं. ज्या किल्ल्यावर जायचं त्याच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारायचं. मी आता प्रत्येक सहलीच्या कागदावर ते रुग्णालय, तिथपर्यंतचा रस्ता आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर लिहून ठेवते.

वर्ग संपल्यावर काही दिवसांतच रामशेजवर एक मुलगी गप्प गप्प झाली. इतर मुलं डबे उघडून बसली होती, ही घास तोंडात घेईना, डोकं दुखतं म्हणाली. आधी मी म्हणाले असते, दमली असेल, बसू दे. आता मी तिची त्वचा बघितली, पाणी किती प्यालीय ते विचारलं, सावलीत नेऊन ओल्या रुमालाने मान पुसली, साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं आणि तिचं बोलणं नीट आहे ना, हे थोड्या थोड्या वेळाने तपासत राहिले. अर्ध्या तासात ती मैत्रिणींशी भांडायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. बोलणं असंबद्ध झालं असतं तर तो उष्माघात समजायचा. मग आधी अंग गार करायचं, न्यायचं नंतर. एवढा फरक माहीत असणं पुरेसं होतं.

दुसरं ठिकाण स्काऊट-गाईड. ट्रेकवाल्या मंडळींना हे ऐकून आश्चर्य वाटतं, कारण शाळेतलं परेड, स्कार्फ आणि खरी कमाई एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर येतं. ओळखीच्या एका शाळेच्या गाईड कंपनीत, म्हणजे मुलींच्या पथकात, मी सहायक म्हणून नाव नोंदवलं आणि बेसिक कोर्सला गेले. तो सात दिवसांचा, निवासी. पुढे अॅडव्हान्स आणि त्यापुढे हिमालय वुड बॅज, म्हणजे प्रौढ नेत्यांच्या प्रशिक्षणाचं मानचिन्ह, अशी पायरी आहे. वुड बॅजची सुरुवात १९१९ साली इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कमध्ये झाली. प्रौढ नेत्यांसाठी वेगळं प्रशिक्षण हवं, हे त्या चळवळीला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं, आणि आमच्या ट्रेक गटांना अजून पुरतं कळलेलं नाही. हे मी चिडून नाही, कळकळीने लिहिते आहे.

कोर्समध्ये आम्हा बायकांनाच सहा-आठ जणींच्या संघांत वाटलं. आमचा संघ मोगरा. एक संघनायिका, एक कोठीची, एक पाण्याची, एक नोंदवहीची. पहाटे बी.पी. सिक्स, म्हणजे स्काऊटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे सहा व्यायाम, मग ध्वज, मग तंबूंची तपासणी. बिनभांड्याच्या स्वयंपाकात पानात गुंडाळून भाजलेला बटाटा आणि काठीला लावलेली कणीक. काठ्या आणि दोरीने चपलांचा स्टँड, हात धुण्याचं गॅजेट. संध्याकाळी शेकोटी. गंमत यात नक्की होती, पण मी जे घेऊन आले ते संघपद्धतीचं काम. वीस मुलांकडे एका ताईने लक्ष ठेवायचं ही कल्पनाच चुकीची. सहा मुलांचा संघ, त्यांच्यातलाच एक नायक, आणि त्याच्याकडे खरी जबाबदारी. खोटी, दाखवायची नाही. पाण्याच्या बाटल्या भरल्या का हे नायकाने बघायचं आणि मला सांगायचं. मी फक्त नायकांशी बोलायचं. १९०७ साली ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात बेडन-पॉवेल यांनी मुलांची वाटणी अशीच छोट्या संघांत केली होती. आमच्या गटात हे सुरू केल्यावर मोजणी करायला शिट्टी वाजवावी लागत नाही, कारण प्रत्येक संघाला आपलं माणूस कमी आहे हे आधी कळतं.

तिथेच एका ज्येष्ठ प्रशिक्षिकेने मुलांच्या सुरक्षिततेवर स्पष्ट बोलणं केलं. तंबूत एका मुलाबरोबर एकटं मोठं माणूस कधीही असायचं नाही. मुलींच्या शिबिरात स्त्री स्वयंसेविका असल्याशिवाय मुक्काम नाही. फोटो पालकांच्या परवानगीनेच. आणि २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं हे कर्तव्य आहे, ते दडवणं हा गुन्हा. गटाची बदनामी होईल म्हणून आपसात मिटवणं चालत नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांनाही पाठ असावा. ट्रेकिंगच्या वर्गांमध्ये हा तास मला कुठेच दिसला नव्हता.

मग निमचा नंबर लागला. घरून जोरदार विरोध झाला, आणि तो मला समजत होता. ऑक्टोबर २०२२मध्ये द्रौपदी का डांडा-२ शिखरावर निमच्याच अॅडव्हान्स कोर्सवर हिमस्खलन कोसळून प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून दोन डझनांहून जास्त माणसं गेली होती. आईने ती बातमी जपून ठेवली होती. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. कोर्स कुठे असतो, काय शिकवतात, हे सगळं समोर बसून सांगितलं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, पाठीवर वजन घेऊन पांडवलेण्याच्या पायऱ्यांचा रोजचा सराव, हेही तिने पाहिलं. शेवटी तीच स्टेशनवर सोडायला आली.

कोर्सबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर लिहिलेलं पुष्कळ मिळतं. आधी उत्तरकाशीजवळ तेखलाच्या कातळावर प्रस्तरारोहण, मग डोकरियानी बामक हिमनदीवर बर्फातलं शिक्षण. प्रशिक्षणार्थींच्या तुकडीला 'रोप' म्हणतात, शिकवणाऱ्याला 'उस्ताद'. एंडमॅन, मिडलमॅन, फिगर ऑफ एट या गाठी झोपेतही बांधता आल्या पाहिजेत. बर्फावरून घसरल्यावर आइस अॅक्स, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, रोवून थांबणं हातापायांत मुरेपर्यंत करून घेतात. शेवटी श्रेणी मिळते. 'ए' मिळाली तरच अॅडव्हान्सला जाता येतं, आणि अॅडव्हान्सला 'ए' मिळाली तरच मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं ते शिकवणाऱ्या कोर्सला. पहिल्या दिवसापासून हे डोक्यात ठेवून जावं. श्रेणी फक्त चढण्यावर ठरत नाही, शिस्त आणि लेखी परीक्षाही मोजतात.

सह्याद्रीत बर्फ नाही, मग हे कशासाठी, असं मला अनेकांनी विचारलं. मला दोन गोष्टींसाठी उपयोग झाला. एक, दोराची तपासणी. माझी गाठ दुसऱ्याने बघायची आणि त्याची मी, उस्ताद कितीही जुना असला तरी. मुलांच्या रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याला, आता आमच्याकडे हा नियम कुणासाठीच मोडत नाही. दुसरी गोष्ट, मी पुन्हा रांगेतली सर्वांत हळू चालणारी झाले. धाप लागलेली, पाठीवरची सॅक खांद्यात रुतलेली, आणि पुढचे थांबून विश्रांती घेऊन मी पोचताच उठून चालायला लागलेले. मुलांच्या ट्रेकमध्ये नेमकं हेच होतं. शेवटच्या मुलाला विश्रांती मिळतच नाही. आता सर्वांत हळू मूल पुढून दुसरं चालतं आणि थांबा त्याच्या पोचण्यापासून मोजला जातो.

पण हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते, की फक्त बेसिक करून आलेला माणूस मुलांना नेण्यासाठी तयार झालेला नसतो. तो कोर्स स्वतः चढणारा माणूस घडवतो. रडणाऱ्या मुलाशी काय बोलायचं, पाळी सुरू झालेल्या मुलीची सोय कशी करायची, दम्याचा पंप कुणाच्या सॅकमध्ये आहे हे आधी कसं विचारून घ्यायचं, यातलं काही तिथे नाही आणि ती त्यांची जबाबदारीही नाही. २०२१मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आले, ते चांगलंच झालं. कागदावर प्रमाणपत्र मागतात तेव्हा बहुतेक जण बेसिकचं प्रमाणपत्र पुढे करतात. मुलांच्या पालकांनी त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र कोणत्या सालचं आहे, आणि मुलांसोबत काम कुठे शिकलात?

सालाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रथमोपचाराची प्रमाणपत्रं ठरावीक मुदतीची असतात आणि हातही विसरतात. हृदय बंद पडलं तर छातीवर दाब मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने द्यायचा, हे पाठ असतं. पण सराव नसेल तर दोन मिनिटांत गती पडते. आम्ही आता पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर गटातच सरावाचा दिवस ठेवतो. दाब देण्याच्या सरावाची बाहुली शेजारच्या एका संस्थेकडून उसनी आणतो.

नव्या स्वयंसेवकांसाठी गटाने माझा क्रम ठेवला आहे. आधी दोन दिवसांचा प्रथमोपचार, त्याची अर्धी फी गट भरतो. मग सुटीत स्काऊट किंवा गाईडचा बेसिक, ज्याला शाळेशी जोडून घेता येईल त्याने. गिर्यारोहणाचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाकून ठेवायचा, कारण नंबर उशिराच लागतो. तोवर प्रत्येकाने जुन्या ताई-दादांच्या मागे, रांगेच्या शेवटी चालायचं. यंदा तिघांचे अर्ज गेले आहेत. त्यांतली एक आमच्याच शिबिरात लहानपणी आली होती. तिच्या मेडिकलची तारीख लागली आहे, आणि रजेसाठी तिच्या साहेबांशी बोलायला मी सोबत जाणार आहे.