ओलं आहे ते ओलंच ठेव : आमची वाटचाल

जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह स्कॅन करून जपायचं आमचं काम. त्याची सुरुवात अशी. सांगलीत मारुती चौकाजवळ बाबांचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, मुंज, पासपोर्ट, शाळांचे ग्रुप फोटो. फोटो गिऱ्हाईक घेऊन जायचं, तो ज्या फिल्मवरून छापला ती निगेटिव्ह आमच्याकडे राहायची. बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर बाबांच्या अक्षरात बिलाचा नंबर. "फोटो ही नक्कल, अस्सल ही," असं ते म्हणायचे. पुढे रोल बंद झाले, मी झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर दुकान चालवलं, पण पाकिटं टाकली नाहीत.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. ओसरल्यावर शटर उघडलं तर खालचे कप्पे चिखलात. फिल्मवर ज्यात चित्र असतं तो थर जिलेटिनचा. पाण्यात तो फुगतो, मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या फिल्मला चिकटतो. घाईत मी पहिला गठ्ठा नुसताच वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याची वडी झाली होती. सोडवायला गेलो तर चेहरे एका फिल्मवरून सुटून दुसरीवर आले. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. म्हणाले, "ओलं आहे ते ओलंच ठेव." मग बायको आणि मी बादल्यांत स्वच्छ थंड पाणी भरून पाकिटं त्यात सोडली. हाताला येईल तेवढं त्याच आठवड्यात धुतलं. बाकीचं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून मिरजेला मावसभावाच्या आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवलं. गोठलेली फिल्म थांबते, पुढे बिघडत नाही. पुढचे कित्येक महिने एकेक पिशवी आणायची, पाण्यात सैल करायची, धुवायची आणि दोरीला चिमट्यांनी टांगायची.

वाळलेल्या निगेटिव्हची पहिली खेप बाहेरच्या एका लॅबला स्कॅनिंगला दिली. परत आल्या त्या लहान जेपीजी फाइली, म्हणजे तपशील गाळून दाबलेल्या, आणि फिल्मवर बोटांचे ठसे. त्या दिवशी ठरवलं, हे काम आपणच करायचं. झेरॉक्स मशीन विकून फिल्मचा स्कॅनर घेतला.

रंगीत निगेटिव्हवर स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी धूळ ओळखून पुसायची सोय, छान चालते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र चित्रच चांदीचं असतं. चांदी इन्फ्रारेड अडवते आणि मशीन चेहऱ्यालाच धूळ समजतं. म्हणून तिथे ब्लोअर, मऊ ब्रश आणि नंतर स्क्रीनवर हातानं एकेक ठिपका. 120 नावाच्या रुंद रोलची चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह 3200 डीपीआयला (इंचाला 3200 ठिपके), 16 बिटमध्ये, म्हणजे करड्या छटा बारकाईनं टिपत, घेतली की एकच फाइल 100 एमबीच्या आसपास जाते. लोक म्हणतात, मोबाइलनं फोटो काढून घ्या की. मी त्यांना बसवून दोन्ही दाखवतो.

एकदा एका नवरीच्या डोळ्यांखाली बारीक आडव्या रेघा दिसल्या. ओरखडे समजून पुसणारच होतो. मग फिल्म तिरपी धरून उजेडात पाहिली, तर फिल्मच्या चकाकी नसलेल्या बाजूला शिसं चमकलं. बाबांची पेन्सिल! निगेटिव्हवर पेन्सिल लावली की कागदावर ती जागा उजळ येते. जागरणानं काळवंडलेले डोळे त्यांनी असे उजळवले होते, सुईच्या टोकाएवढ्या रेघांनी. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक निगेटिव्हची एक टिफ फाइल, तपशील न गाळणारी, जशीच्या तशी राहते. दुरुस्ती करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

हळूहळू बंद पडलेल्या स्टुडिओंची पोती येऊ लागली, घरच्या बिस्किटांच्या डब्यांतले रोल येऊ लागले. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तो आधी वेगळा ठेवतो. अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची फिल्म सडायला लागली की त्या वाफेनं शेजारची फिल्मही बिघडते, आणि सडलेली पूर्ववत होत नाही. असे रोल रांग मोडून पुढे घेतो, कुणी रागावलं तरी. फाइलींच्या तीन प्रती होतात : एक गिऱ्हाइकाकडे, एक दुकानाच्या माळ्यावर, एक पुण्यात ताईकडे. पूर आम्ही पाहिलाय, एका गावात सगळं ठेवणार नाही. निगेटिव्ह आम्ही परत देतो आणि बजावतो, स्कॅन झालं म्हणून टाकू नका.

बाबांची बिलांची वही मात्र पुरात गेली. पाकिटांवर नंबर आहेत, नावं नाहीत. म्हणून दर महिन्याला काही फोटो दुकानाच्या काचेत लावतो. बाजाराला आलेली माणसं थांबून बघतात. मागच्या महिन्यात एक आजी खूप वेळ उभ्या होत्या. आत येऊन म्हणाल्या, "ती डावीकडून तिसरी, दोन वेण्यांची, ती मी." पाकिटावर त्यांचं नाव त्यांनीच लिहिलं.