जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची वर्षे : माझा अनुभव

माझ्या खालच्या जबड्याची उजवी बाजू डावीपेक्षा अधिक वाढलेली होती. कानाच्या पुढे जबड्याच्या हाडाचे जे गोलसर टोक असते, त्या कंडाइलची वाढ एका बाजूला वेळेवर थांबली नाही, तर जबड्याची कड त्या बाजूने खाली उतरते किंवा हनुवटी विरुद्ध बाजूला सरकते. ओब्वेगेझर आणि माकेक यांनी 1986 मध्ये या विकाराचे जे प्रकार मांडले, त्यांतील दोन्ही लक्षणे माझ्यात थोडीथोडी होती. वाढ थांबल्याची खात्री बोन स्कॅनने करून घेतल्यावर आणि दात तारांनी रांगेत आणल्यावर शस्त्रक्रिया झाली. जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना उभे दुभागून दातांचा भाग मध्यरेषेवर आणला, हनुवटी स्वतंत्रपणे सरकवली आणि उजवीकडची खाली आलेली कड घासून कमी केली. हे सारे तोंडाच्या आतून केल्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहिला नाही.

पहिल्या महिन्याविषयी, म्हणजे पेज, आंबील, गाळलेले वरण आणि रबर बँडने बांधलेले दात यांविषयी, फारसे लिहिण्याची गरज नाही. तो काळ कठीण असला तरी डॉक्टर आणि घरचे सतत सोबत असतात. खरा लांबचा पल्ला त्यानंतर सुरू होतो आणि त्याबद्दल रुग्णाला पुरेसे आधी सांगितले जात नाही, असे माझे मत आहे. हाड साधारण 6 ते 8 आठवड्यांत जुळते, पण सूज, स्नायू आणि नस त्याच गतीने बरे होत नाहीत. घरातील माणसे हाड जुळले की प्रकरण संपले असे समजतात आणि रुग्ण मात्र आरशासमोर गोंधळलेला असतो.

सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि पुढच्या काही आठवड्यांत बरीच ओसरते. राहिलेली थोडी सूज जायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. माझ्या बाबतीत ज्या बाजूचे हाड घासले होते, ती बाजूच अधिक काळ जाड दिसत राहिली. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास नातेवाईक भेटायला आले की, ‘फरक तर काहीच दिसत नाही गं,’ असे सहज म्हणून जात आणि मला त्याचा फार त्रास होई. सर्जनांनी तेव्हा एक पद्धत सांगितली : एकाच खिडकीजवळ, एकाच अंतरावरून, ठरावीक महिन्यांनी फोटो काढायचा आणि रोज आरशात तुलना करायची नाही. वर्ष उलटल्यावर ते फोटो शेजारी ठेवले तेव्हा जबड्याची रेषा हळूहळू उमटत गेलेली स्पष्ट दिसली.

सर्वांत अधिक संयम लागला तो नसेसाठी. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते आणि उपदाढांच्या मुळांजवळ बाहेर येते. माझ्यासारख्या विकारात ती वाढलेल्या बाजूला खालच्या कडेच्या बरीच जवळ आलेली असते, त्यामुळे कड घासताना तिला धक्का लागण्याची शक्यता वाढते. उजवा ओठ आणि हनुवटी पूर्ण बधिर होती. चहा किती गरम आहे ते ओठाला कळत नसे, जेवताना शित चिकटले तरी आईला सांगावे लागे. ही नस केवळ संवेदनेची असते. ओठ हलवण्याचे काम चेहऱ्याच्या वेगळ्या नसेकडे असते, हे समजल्यावर माझी मोठी भीती गेली. दुखावलेली नस दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढते, म्हणून हाडातून ओठापर्यंतच्या वाटेला महिने लागणे स्वाभाविकच आहे. आधी मुंग्या आल्या, मग हनुवटीवर खाज, मग साधा रुमाल लागला तरी झोंबावे इतकी अतिसंवेदनशीलता. ही अवस्था मला बिघाडाची वाटली होती, परंतु ती नस जागी होत असल्याची खूण होती. प्रत्येक तपासणीला डोळे मिटायला सांगून कापूस आणि टोकदार वस्तू यांतील फरक ओळखायला लावत आणि बधिर भागाची सीमा कागदावर काढत. ती सीमा आक्रसत जाताना पाहणे हा त्या काळातला माझा मोठा आधार होता.

मी शाळेत मराठी शिकवते. प, फ, ब, भ, म हे ओठांनी उच्चारायचे वर्ण सुरुवातीला अस्पष्ट येत, म्हणून रोज सकाळी मोठ्याने कविता वाचायचा सराव ठेवला. तोंड उघडण्याचा व्यायाम त्याहून कंटाळवाणा होता. प्रौढ माणसाचे तोंड साधारण 40 मिलिमीटर उघडते, माझे बोटभरही उघडत नसे. फिजिओथेरपिस्टने दातांमध्ये लाकडी पट्ट्या ठेवून त्यांची संख्या हळूहळू वाढवायला शिकवले. हा व्यायाम कोणी टाळू नये, असे मला मनापासून वाटते, कारण चावण्याचा मोठा स्नायू आखडला तर पुढे तो सैल करणे अधिक अवघड जाते. भाकरी परत नीट चावता येऊ लागली, तेव्हा जबडा खऱ्या अर्थाने माझा झाला.

आता चौथे वर्ष सरले आहे. हनुवटी मध्यरेषेवर आहे, दात जुळतात, दात जागेवर राहावेत म्हणून रात्री रिटेनर लावते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. जबड्याचा उजवा कोन किंचित भरीव आहे आणि तसा तो राहील, हे सर्जनांनी आधीच सांगितले होते. हनुवटीच्या उजव्या कडेला एक छोटा भाग अजून अर्धवट बधिर आहे. दोन वर्षांनंतर त्यात बदल झालेला नाही आणि पुढे होईल अशी अपेक्षाही मी ठेवलेली नाही. टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रू तसेच आहेत, त्यांचा त्रास नाही. एमआरआय करायची वेळ आली तर ते आधी सांगावे लागते, म्हणून शस्त्रक्रियेची टिपणे, जुने ओपीजी (संपूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणारे) एक्स-रे आणि सीटी स्कॅन एका फाईलमध्ये जपून ठेवले आहेत. दातांच्या कोणत्याही उपचाराला जाताना ती फाईल सोबत नेते, कारण नस खालच्या कडेजवळून जाते हे नव्या डॉक्टरांना त्यातूनच कळते.