मला थांबता येतं

माझं नाव ‘प’ने सुरू होतं आणि नेमका ‘प’च माझ्या ओठांवर अडतो. ओठ मिटतात ते मिटलेलेच राहतात, मान पुढे ओढली जाते, समोरचा माणूस आधी नजर चुकवतो आणि मग दयेनं हसतो. शेव-उसळचं पार्सल घेताना नाव विचारलं की मी वर्षानुवर्षं ‘समीर’ सांगत आलो. ‘स’ सरकतो. बडोद्यातल्या काही दुकानांत मी अजूनही समीरभाईच आहे.

लहानपणी आजीनं सगळं करून पाहिलं. वेखंड उगाळून मधातून चाटवलं, रात्रभर शंखात ठेवलेलं पाणी पाजलं, कुणी सांगितलं म्हणून तोंडात गोट्या ठेवून पाढे म्हणायला लावले. शाळेत उत्तर येत असूनही मी ‘नाही’ अशी मान हलवायचो. अशी मान हलवत राहिलं की पुढे पुढे आपल्यालाच खरं वाटायला लागतं, की आपल्याला काही येत नाही. हिशेबाचं काम धरलं, कारण आकडे लिहायचे असतात, बोलायचे नसतात. मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळं आईच बोलली. ‘मुलगा अबोल आहे,’ म्हणाली. मी अबोल मुळीच नाही. बायकोला हे लग्नानंतर कळलं.

साधारण २० मुलांमागे एक मूल काही काळ अडखळतं, बहुतेकांचं आपोआप सुटतं, मोठ्या माणसांत १०० मागे एकाचं उरतं आणि त्यांत बायकांपेक्षा पुरुष चौपट असतात. हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर निदान ‘जगात मी एकटाच’ हे तरी गेलं असतं. बुद्धीशी याचा काही संबंध नाही, हेही मला पन्नाशीच्या आसपास कळलं, आणि तेही मामांच्या आजारपणात.

मामा रावपुऱ्यात राहतात. एका सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून गळाला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी निघाली. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण बोलणं येईना. हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बेननी कागदावर मेंदू काढून समजावलं. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. पक्षाघात झालेल्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश लोकांना तो होतो. जीभ शाबूत असते, माणूस वेडा झालेला नसतो, फक्त मनातल्या गोष्टीला शब्द सापडत नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरानं असा एक पेशंट पाहिला होता, ज्याला ‘तान’ एवढंच म्हणता यायचं. तो गेल्यावर ब्रोकानं त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड दाखवून दिला. मामांची गत साधारण तीच, फक्त त्यांच्या तोंडी ‘अरे हे’ एवढंच उरलं होतं. चहा हवा, ‘अरे हे’. पाय दुखतो, ‘अरे हे’. मामीवर चिडले, तरी ‘अरे हे’, पण जरा मोठ्यानं.

घरचे सगळे प्रेमानं वागत होते आणि त्या प्रेमानंच मामांचा जीव नकोसा झाला होता. कुणी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचं, कुणी लाडे लाडे. मामांनी तोंड उघडलं रे उघडलं की चारी बाजूंनी सुरू व्हायचं: चष्मा? पेपर? बाथरूम? पंखा बंद करू? मामा डोळे मिटून घ्यायचे. ते डोळे मिटणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं.

मी फक्त बसायचो. त्यांनी तोंड उघडलं की मी ओठांकडे न बघता डोळ्यांकडे बघायचो आणि गप्प राहायचो, कारण माझं वाक्य दुसऱ्यानं पुरं केलं की मला काय वाटतं ते मला ठाऊक होतं. एक दिवस बेन दारात उभं राहून बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘तुम्हाला थांबता येतं. नातेवाइकांना एवढं शिकवण्यात माझे महिने जातात.’ मला वाटलं, चेष्टा करतायत. मग म्हणाल्या, शनिवारी माझ्याकडे येऊन बसाल का, दोन-तीन पेशंट असे आहेत की ज्यांच्याशी कुणी बोलतच नाही. मी ‘बघतो’ म्हणालो, म्हणजे नाही. बायकोनं परस्पर होकार कळवून टाकला.

शिकायचं बरंच होतं, आणि नुसतं गप्प बसणं त्यातलं सगळ्यात थोडं. प्रश्न एका वेळी एकच. ‘चहा की कॉफी, की आधी गोळी?’ असं नाही, ‘चहा?’ आणि पुढे काही नाही. टीव्ही बंद. बोलताना वहीवर मोठ्या अक्षरात मुख्य शब्द लिहायचा: मुलगा, पैसे, दुखतं. म्हणजे पेशंटला बोट ठेवता येतं. काही जण मानेनं ‘हो’ म्हणतात आणि मनात ‘नाही’ असतं, म्हणून प्रत्येक उत्तर उलटा प्रश्न विचारून पडताळायचं. समजलं नसेल तर समजल्याचं नाटक करायचं नाही. हे मला सर्वांत जड गेलं. मी स्वतः जन्मभर लोकांना तसं नाटक करताना पाहिलं होतं आणि दर वेळी ओळखलं होतं. पेशंट दमला की थांबायचं. आणि व्यायाम कोणता द्यायचा ते बेन ठरवणार, मी नाही. वर्षभरात बोलायला लागतील का, असं कुणी विचारलं तर ‘बेनना विचारा’. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगानं होते, पण पुढेही वर्षानुवर्षं थोडं थोडं येत राहतं, एवढंच मी सांगू शकतो.

मग आला ‘क्यू’. शब्द अडला की त्याचा पहिला आवाज आपण द्यायचा आणि उरलेला पेशंटनं ओढून आणायचा. माझ्यासमोर मामाच होते. टेबलावर पाण्याचा ग्लास, बेननी बोट दाखवलं, मामा ‘अरे हे, अरे हे’ करत राहिले. बेन माझ्याकडे वळल्या: ‘द्या क्यू.’

पाण्याचा पहिला आवाज कोणता ते सांगायला नको.

माझे ओठ मिटले. मान पुढे गेली. कानांत रक्त धडधडायला लागलं आणि वाटलं की आत्ता उठावं आणि जिना उतरून चालू पडावं. मामा टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होते. माझे ओठ जितके घट्ट दाबले गेले होते तितकेच त्यांनी आपले दाबले. उजवीकडून जरा वाकडे, पण दाबले. आणि मी अडलेला असतानाच समोरून आलं, ‘पाणी’.

बेन हसल्या नाहीत, टाळ्याही वाजवल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, आवाज न देता नुसते ओठ दाखवणं हाही एक क्यू असतो, तुमचा जरा जास्तच लांबतो इतकंच. मामा मात्र खदाखदा हसले. भाच्याची फजिती त्यांना लहानपणापासून आवडते.

त्यानंतर मामांना शब्द यायला लागले, पण गुजराती. सगळी नोकरी गुजराती मंडळींत झालेली, तेव्हा कारखान्यातली भाषा आधी परतली. घरी मामीला बघून ‘बेसो’ म्हणाले. मामी साताऱ्याच्या, घरात मराठीच हवी या बाबतीत कडक. त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, ‘बायकोपेक्षा ऑफिस जवळचं.’ बेननी त्यांना समजावलं. जी भाषा सगळ्यांत आधी शिकलो ती टिकते, असं रिबो नावाचा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ म्हणायचा. जी आजारापूर्वी जास्त वापरात होती ती आधी येते, असं १८९५ मध्ये पित्र या फ्रेंच डॉक्टरानं मांडलं. प्रत्यक्षात बहुतेकांच्या भाषा बरोबरीनंच येतात आणि कुणाचा क्रम कसा लागेल ते आधी सांगता येत नाही. मामींना दोन्ही फ्रेंच माणसं पटली नाहीत. पण बडोद्यातल्या मराठी घरांत हा प्रश्न येणारच. नातवंडं गुजरातीत भांडतात, आजोबा इंग्रजीत अर्ज लिहितात आणि देवापुढे मराठी. कोणती भाषा कुठे ठेवली होती, ते हरवल्यावरच कळतं.

देवापुढची भाषा मामांच्या फार कामी आली. गणपतीत शेजारी आरती सुरू झाली आणि ज्यांना ‘मीठ’ म्हणता येत नव्हतं ते मामा आख्खी आरती म्हणाले. मला नवल वाटलं नाही. मीही आरतीत कधी अडखळत नाही. गाणं आणि पाठ झालेल्या ओळी वेगळ्या वाटेनं येतात, मेंदूची उजवी बाजू त्यात मदतीला असते असं म्हणतात. पण बेननी लगेच सावध केलं: आरती आली म्हणजे बोलणं आलं असं नाही. सुरावरून बोलण्याकडे पायरी पायरीनं उतरावं लागतं. १९७३ मध्ये बोस्टनमध्ये यासाठी एक पद्धत मांडली गेली. ‘पा-णी-दे’ असं दोनच सुरांत, संथ म्हणायचं, प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हातानं टेबलावर थाप, आणि हळूहळू सूर काढून घेत साधं वाक्य उरू द्यायचं. हे काम मला जमलं. सुरात मी अडखळत नाही, म्हणून शनिवारी ‘पा-णी-दे’ बेनपेक्षा मीच जास्त वेळा म्हणायचो.

सगळं असंच गोड चाललं होतं असं नाही. एका पेशंटच्या मुलानं बेनना बाजूला घेतलं आणि सांगितलं, वडील आधीच बोलत नाहीत, त्यात असा माणूस समोर नको, त्यांना सवय लागेल. दार अर्धवट उघडं होतं. मी पिशवी उचलून निघालो. पुढचे काही शनिवार गेलोच नाही. घरी पडून विचार करायचो की तो खरं तेच बोलला, आपण गेलोच कशाला. बेन समजूत घालायला येतील असं कुठेतरी वाटत होतं. त्यांचा मेसेज आला तो असा: ‘येणार नसाल तर कळवा. शनिवारला माणूस बघावा लागेल.’

मला आधी राग आला. मग लक्षात आलं की माझी कीव न करता माझी गैरहजेरी मांडणारं असं आजवर कुणी भेटलं नव्हतं. मी पुन्हा गेलो. त्या मुलाला बेननी परस्पर सांगितलं होतं की अडखळणं संसर्गजन्य नाही. मला म्हणाल्या, ‘लोकांना कळायच्या आत तुम्हीच सांगून टाका ना.’ तेव्हापासून नवीन पेशंटसमोर बसलो की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मीपण अडखळतो, आपल्याला दोघांनाही घाई नाही.’ आयुष्यात हे वाक्य मी घरच्यांसमोरही कधी उच्चारलं नव्हतं. गंमत म्हणजे ते बोलून टाकलं की पुढचं थोडं मोकळं येतं. लपवण्यात जी ताकद जायची ती उरते.

माझं अडखळणं गेलेलं नाही. मागच्याच आठवड्यात गॅस एजन्सीच्या फोनवर पलीकडच्या मुलीनं ‘हॅलो, हॅलो’ करून दोनदा फोन ठेवला. तिसऱ्यांदा मी आधीच सांगितलं की मला वेळ लागतो, ठेवू नका. तिनं ठेवला नाही. पूर्वी मी असा फोन बायकोला करायला लावायचो आणि मग दिवसभर तिच्याशी धड बोलायचो नाही, जणू चूक तिचीच होती. आता तिला विचाराल तर म्हणेल, हल्ली घरात फारच बोलतात.

सध्या आमचं फोटोंवरून वाजलेलं आहे. बाहेरून आणलेल्या चित्रांच्या संचात बर्फाची घरं आणि ‘ॲपल पाय’ नावाचा सफरचंदाचा विलायती गोड पदार्थ होता. आमच्या पेशंटना त्यांचं काय करायचं? म्हणून मी मोबाईलवर फोटो काढून कार्डं करतोय: झोपाळा, रिक्षा, गॅसचा सिलिंडर, कमाटीबागेतली छोटी रेल्वे, शेव-उसळ. परवा मामांपुढे आमटीचं कार्ड ठेवलं. आमटीचा फोटो शेजारणीकडून मागवलेला. मामांनी बराच वेळ न्याहाळला, ओठ हलवले, मी थांबलो. मग कार्ड माझ्याकडे ढकलून म्हणाले, ‘नाही. गोड.’ मामी आतून म्हणाल्या, बरोबर बोलतायत ते, ही गुजराती दाळ आहे, फोटो बदला. म्हणून येत्या शनिवारी मामींच्या हातच्या आमटीचा फोटो काढायला जायचंय, आणि त्यांनी जेवायलाच बोलावलंय.